आमवाताचे डॉक्टर चार महिन्यांनी भेटतात, तेव्हा मधल्या दिवसांत काय करावे

पुण्यात संधिवाततज्ज्ञांच्या दवाखान्यात नंबर येण्याची वाट पाहत बसले, की शेजारच्या खुर्च्यांवरून गावांची नावे कानावर पडतात: इंदापूर, करमाळा, फलटण, पाटण, श्रीगोंदा, आष्टी. पहाटेची एसटी धरून स्वारगेटला उतरलेली ही माणसे दोन-तीन तास थांबतात, दहा मिनिटे डॉक्टरांना भेटतात आणि चार महिन्यांनंतरची तारीख घेऊन परततात. मी स्वतः धायरीला राहते आणि तेरा वर्षे आमवाताची रुग्ण आहे. मला प्रवास कमी करावा लागतो, पण तारीख मलाही तीच मिळते. वर्षभराचा हिशेब केला तर तज्ज्ञ डॉक्टरांचा अर्धा-पाऊण तास आपल्या वाट्याला येतो. आजार मात्र रोज सकाळी आपल्या आधी जागा झालेला असतो.

पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तीत साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात असल्याचे दिसले. चार हजार प्रौढांच्या गावात म्हणजे वीस जण. या वीस जणांना लागणारा तज्ज्ञ त्या गावात नसतो, बहुतेकदा तालुक्यालाही नसतो, आणि ही स्थिती लवकर बदलेल असे मला वाटत नाही. त्यामुळे तज्ज्ञ दूर आहे हे गृहीत धरूनच उपचाराची घडी बसवावी लागते.

मी डॉक्टर नाही. औषध कोणते आणि किती घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, आणि पुढे दिलेल्या माहितीचा उपयोग कोणी डोस वाढवण्या-घटवण्यासाठी करू नये. ठरलेला उपचार तज्ज्ञ जवळ नसताना सुरक्षितपणे आणि खंड न पडता कसा चालवावा, एवढ्यापुरतेच मी लिहिते आहे.

निदान पक्के करून घेणे

आपल्याकडे गुडघ्याच्या झिजेपासून कंबरदुखीपर्यंत सगळ्यालाच ‘वात’ म्हणतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, झिजेचा आजार नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, ते अस्तर सुजते आणि वेळेवर आवरले नाही तर ती सूज हाडालाही खाते. बोटांची मधली पेरे, बोटांच्या मुळाचे सांधे, मनगटे, पायाच्या चवड्याचे सांधे हे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे धरतात. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्ध्या तासाहून, पुष्कळदा तासाहून अधिक वेळ लागतो. झिजेचे दुखणे कामाने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. आमवाताचे दुखणे विश्रांतीनंतर जास्त असते आणि हालचालीने थोडे सैल पडते. हा फरक घरच्या घरी ओळखता येतो.

अशी सूज सहा आठवडे टिकली तर थांबू नये. संधिवाततज्ज्ञांची तारीख मिळेपर्यंत तालुक्याच्या गावातील एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जाऊन आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला मदत करणाऱ्या रक्ततपासण्या), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज किती आहे ते दाखवणाऱ्या), रक्ताची पूर्ण तपासणी आणि हातापायांचे एक्स-रे एवढे करून घ्यावे, म्हणजे पुण्याची पहिली भेट केवळ तपासण्या लिहून घेण्यात जात नाही. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही, असे मात्र समजू नये, कारण बऱ्याच रुग्णांमध्ये तो निगेटिव्हच असतो. उलट काही निरोगी वृद्धांमध्ये तो पॉझिटिव्ह येतो. युरिक ॲसिड थोडे वाढलेले दिसले की गाउट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) समजून त्याचीच औषधे वर्षभर चालवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्या वर्षभरात बोटे वाकडी झालेली असतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत.

चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखीही हुबेहूब अशीच दिसू शकते. २०२४ साली पुण्यात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती आणि त्यानंतर अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहिले. म्हणून दुखणे सुरू होण्यापूर्वी ताप आला होता का, अंगावर पुरळ उठले होते का, घरात आणखी कोणाला तसेच झाले होते का, हे आठवून तारखेसह लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना न विचारताही सांगावे.

पहिल्या भेटीतून काय घेऊन परतायचे

पहिल्या भेटीत रुग्णाचे सगळे लक्ष ‘हे बरे होईल का’ या एकाच प्रश्नावर असते. माझेही होते. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की आजार मुळापासून जाईलच असे नाही, पण योग्य औषधांनी तो शांत करता येतो आणि वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा दिसावी आणि सहा महिन्यांत आजार शांत किंवा जवळजवळ शांत व्हावा, अशी अपेक्षा डॉक्टर ठेवतात. तसे झाले नाही तर औषध बदलावे किंवा वाढवावे लागते. हे उद्दिष्ट आपल्यालाही ठाऊक असावे. नाहीतर ‘थोडा फरक आहे’ एवढ्यावर समाधान मानून माणूस दोन वर्षे तेच औषध घेत राहतो.

त्या भेटीतून आणायची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गावाकडच्या डॉक्टरांच्या नावे लिहिलेली चिठ्ठी. ती आपण आवर्जून मागावी. निदान काय आहे, कोणते औषध किती आणि कोणत्या वारी, रक्ततपासणी किती आठवड्यांनी, कोणता आकडा कुठे गेला तर औषध थांबवायचे, दुखणे अचानक उसळले तर गावाकडच्या डॉक्टरांनी काय द्यायचे आणि अहवाल कोणत्या क्रमांकावर पाठवायचे, एवढे तीत असावे. डॉक्टर घाईत असतात, म्हणून हे मुद्दे आपणच कागदावर लिहून नेऊन पुढे ठेवावेत. मी असा कागद ठेवला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याच रिकाम्या जागी उत्तरे लिहून सही-शिक्का दिला. तो कागद मी आजही वापरते.

खासगी फी परवडत नसेल तर ससून सर्वोपचार रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हा आधार आहे. तेथे गर्दी मोठी असते, पण नियमित जाणाऱ्याची नोंद राहते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवून रुग्णालयातील समाजसेवा विभागात आधी जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी होतो. दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च तीतून भागेल या आशेवर राहू नये.

जवळचा डॉक्टर

पुण्याचे डॉक्टर मिळाले की गावाकडच्या डॉक्टरांना सोडून देण्याची चूक पुष्कळ जण करतात. मी तर म्हणेन, की आमवाताच्या रुग्णाला जवळच्या डॉक्टरांची गरज इतरांपेक्षा अधिक असते. ताप आला, जुलाब झाले, तोंड आले, रक्ताचा अहवाल बिघडला, तर पहिल्या दिवशी पाहणारा माणूस जवळच हवा. त्या डॉक्टरांनी आमवाताचा तज्ज्ञ असावे ही अपेक्षा नाही. त्यांनी चिठ्ठी वाचावी, अहवाल पाहावा आणि शंका आल्यास पुण्याला फोन करावा, एवढे पुरे. शक्यतो अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर निवडावेत, कारण औषधांचे परस्परांशी होणारे परिणाम त्यांना पाहावे लागतात.

दोन प्रत्यक्ष भेटींच्या मध्ये व्हिडिओवरची एखादी भेट ठरवून घेता येते. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम मार्च २०२० मध्ये आले, तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टर अशा रीतीने सल्ला आणि औषधपत्र देऊ शकतात. औषधपत्रावर डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. व्हिडिओवर बोलताना खिडकीसमोर बसावे, दोन्ही हात पांढऱ्या कापडावर ठेवून दाखवावेत, मुठी मिटून-उघडून दाखवाव्यात आणि बोटाने दाबून कोणता सांधा दुखतो ते सांगावे. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे आणि गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातूनही तिचा उपयोग करता येतो. तेथे संधिवाताचेच तज्ज्ञ भेटतील असे नाही, पण अहवालात काही वावगे दिसते का हे विचारण्यासाठी ती पुरेशी आहे.

आठवड्याची गोळी

या भागावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण येथे झालेली चूक जिवावर बेतते.

आमवातात सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज नाही. आपल्या औषधांच्या जगात आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी इतकी विरळा आहे, की लिहिणारा, देणारा आणि घेणारा या तिघांपैकी कोणाचा तरी हात सवयीने ‘रोज’कडे वळतो. भोर तालुक्यात हिरडस मावळात राहणाऱ्या माझ्या मावशीला एका औषधविक्रेत्याने गोळ्यांच्या पाकिटावर ‘सकाळी एक’ असे लिहून दिले. तिने सहा दिवस तसे केले. सातव्या दिवशी फोनवर ती म्हणाली, की तोंडात इतके फोड आले आहेत की भाताचे पाणीही गिळवत नाही. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या होत्या. तिला पुण्यात आणून दाखल केले, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिले आणि ती वाचली. त्या दिवशी मी सहज फोन केला नसता तर काय झाले असते, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी आणि मावशीच्या घरी पुढील पद्धत पाळली जाते. गोळीचा वार कायमचा ठरवलेला आहे. मावशीने गावच्या आठवडी बाजाराचा वार निवडला, कारण तो ती विसरू शकत नाही. पाकिटावर मार्करने वाराचे नाव अक्षरांत लिहिले जाते आणि खाली ‘आठवड्यातून एकदाच’ असे ठळक लिहिले जाते. घरातल्या आणखी एका व्यक्तीला हा वार ठाऊक असतो. गोळ्या रोजच्या औषधांच्या डब्यात कधीही ठेवल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी डबी असते आणि तीत एका वेळी एकाच आठवड्याची मात्रा काढलेली असते. गोळी घेतली की दिनदर्शिकेवरच्या त्या चौकोनात खूण केली जाते. चौकोनात खूण दिसली तर दुसऱ्यांदा घेण्याचा प्रश्न उरत नाही.

दुकानात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ही गोळी २.५, ५, ७.५, १० आणि १५ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळते. आधी २.५ च्या चार गोळ्या घेणाऱ्याच्या हाती चुकून १० ची पट्टी आली आणि त्याने सवयीने चार घेतल्या, तर चौपट औषध पोटात जाते. म्हणून प्रत्येक खरेदीच्या वेळी पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचावा आणि शक्यतो एकाच ताकदीची गोळी घेत राहावे. सोबत दिले जाणारे फॉलिक ॲसिड हे मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करण्यासाठी असते आणि ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी घ्यायचे असते. दोन्ही गोळ्या लहान आणि पुष्कळदा पिवळसर असल्याने त्या सुट्या करून एका डबीत ठेवू नयेत.

गोळीचा वार चुकला तर दोन दिवसांच्या आत आठवण झाल्यास ती घेता येते. त्याहून उशीर झाला असेल तर ती मात्रा सोडून द्यावी आणि पुढच्या ठरलेल्या वारीच घ्यावी. दुप्पट कधीही घेऊ नये. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. बहुतेकांना तेवढ्याने बरे वाटते. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणे म्हणजे पेरून उगवण्याआधी शेत नांगरणे आहे.

जंतुसंसर्ग होऊन ताप आला असेल आणि प्रतिजैविके सुरू करावी लागली असतील, तर त्या काळात मेथोट्रेक्सेट थांबवायचे का हे डॉक्टरांना लगेच विचारावे. सहसा संसर्ग जाईपर्यंत ते थांबवायला सांगतात. जुलाबाने किंवा उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असेल तेव्हाही विचारल्याशिवाय ते घेऊ नये. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी दिले जाणारे को-ट्रायमॉक्साझोल मेथोट्रेक्सेटसोबत घेतल्यास रक्तपेशी एकाएकी घसरू शकतात, म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे वाक्य पहिले असावे. मद्य टाळावे. गरोदरपणात हे औषध गर्भाला घातक ठरते, त्यामुळे मूल हवे असेल तर किमान तीन महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बंद करावे लागते. लेफ्लुनोमाइड नावाचे औषध चालू असेल तर ते शरीरातून जायला आणखी कितीतरी अधिक काळ लागतो. लग्न ठरलेल्या मुलींना घरात हा विषय काढण्याचा संकोच वाटतो. तो संकोच दूर करणे ही आई-काकूंची जबाबदारी आहे.

रक्ततपासणीचे वेळापत्रक

तज्ज्ञ चार महिन्यांनी भेटत असले तरी रक्त चार महिन्यांनी तपासून चालत नाही. मेथोट्रेक्सेट नव्याने सुरू झाल्यावर पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे सर्व स्थिर असल्यास दर आठ ते बारा आठवड्यांनी रक्ताची पूर्ण तपासणी, यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहिले जाते. ही तपासणी तालुक्याच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. शक्यतो प्रत्येक वेळी तीच प्रयोगशाळा ठेवावी आणि गोळी घेतल्यानंतरच्या लगेचच्या दोन दिवसांत रक्त देऊ नये, कारण एसजीपीटी तात्पुरते वाढलेले दिसू शकते.

अहवाल हाती आला की तो फाइलमध्ये घालण्यापूर्वी स्वतः वाचावा. पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली किंवा एसजीपीटी १०० च्या वर गेले असेल, अथवा क्रिएटिनिन आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा जवळपास एकतृतीयांशाने वाढले असेल, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. आपल्यासाठी नेमके कोणते आकडे धरायचे ते तज्ज्ञांकडून चिठ्ठीत लिहून घ्यावे, कारण ज्याला आधीच यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्याच्या मर्यादा वेगळ्या असतात. एका वहीत तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन आणि ईएसआर किंवा सीआरपी असे रकाने आखून आकडे खाली खाली लिहीत जावे. एकेका अहवालात न दिसणारी घसरण अशा वहीत चटकन नजरेस येते.

इतर औषधे आणि पुड्या

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे तुलनेने सौम्य औषध आहे, पण दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटलावर परिणाम होऊ शकतो. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर वार्षिक तपासणी आधीपासूनच लागते. बायोलॉजिक इंजेक्शने किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या (दोन्ही प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारी औषधे) सुरू करायच्या झाल्यास आधी क्षयरोगाची तपासणी होते. ती टाळून औषध लवकर मिळवण्याची घाई करू नये.

वेदनाशामक गोळ्या आजार थांबवत नाहीत. त्या फक्त दुखणे झाकतात, आणि रोज घेतल्यास पोटात व्रण होतात, मूत्रपिंडाला इजा होते आणि रक्तदाब वाढतो. दोन वेगवेगळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या एकाच दिवशी घेणे विशेष धोक्याचे असते. एक डॉक्टरांनी लिहिलेली आणि एक दुकानदाराने दिलेली, असे घराघरांत चालते, म्हणून हे लिहिते आहे.

स्टेरॉइड हे डॉक्टरांच्या हातात उपयुक्त औषध आहे. मोठी औषधे लागू पडेपर्यंत थोड्या मात्रेत, थोडे दिवस ते दिले जाते. अडचण बिननावाच्या पुड्यांची आहे. कोणत्या तरी गावी कोणीतरी ‘वाताचे औषध’ म्हणून राखाडी पूड किंवा कुटलेल्या गोळ्या देतो, दोन दिवसांत माणूस नाचायला लागतो आणि सगळ्या पंचक्रोशीत त्याची कीर्ती होते. इतक्या झटपट उतरणाऱ्या सुजेमागे बहुतेकदा स्टेरॉइड असते. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. आणि पुडी एकदम थांबवली तर शरीराला स्वतःचे संप्रेरक वेळेवर तयार करता येत नाही. माणूस गळून जातो, चक्कर येते, रक्तदाब कोसळतो. म्हणून अशी पुडी तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतली असेल, तर लाजेने लपवू नये आणि स्वतःहून एकदम बंदही करू नये. डॉक्टरांना पुडी दाखवावी, म्हणजे ते हळूहळू कमी करण्याचा मार्ग ठरवतील. घेणाऱ्याला रागावून काही साधत नाही. जिथे तज्ज्ञ चार महिन्यांवर आहे तिथे दुखणाऱ्या माणसाला पुडी जवळची वाटते, हे मी समजू शकते.

रोजची नोंद

डॉक्टर ‘कसे आहे’ असे विचारतात तेव्हा आपण त्या दिवशीचे सांगतो. मधल्या एकशेवीस दिवसांचे चित्र त्यांना मिळत नाही. यासाठी रोज एक ओळ पुरते. सकाळी हात किती मिनिटांनी मोकळे झाले, कोणते सांधे सुजले होते, शून्य ते दहा यांत दुखणे किती होते आणि ठरवून ठेवलेले एक काम जमले की नाही, एवढेच लिहावे. काम आपल्या आयुष्यातले असावे. मी ओला टॉवेल पिळण्याचे ठेवले आहे आणि मावशीने भाकरी थापण्याचे. कोणाला परकराची नाडी बांधणे, कोणाला बरणीचे झाकण उघडणे किंवा मोटरसायकलचा क्लच दाबणे सोयीचे पडेल. महिन्यातून एकदा दोन्ही हातांचा एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवावा. सूज जाऊन भेटीच्या दिवशी हात नेमके बरे दिसू लागतात, हा अनुभव कोणत्याही रुग्णाला नवा नाही.

दुखणे उसळते तेव्हा

वर्षातून दोन-चार वेळा आजार उसळतो. त्या वेळी काय करायचे हे उसळण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घेतलेले असावे. सुजलेला सांधा एक-दोन दिवस विसावू द्यावा, गरम-लाल असेल तर कापडात गुंडाळलेल्या बर्फाने आणि केवळ आखडला असेल तर कोमट पाण्याने शेकावे, पण दिवसातून दोन वेळा तरी तो हळुवार पूर्ण फिरवावा. मेथोट्रेक्सेटची जादा गोळी घेऊन उसळी आवरत नाही. आठवडाभरात उतार पडला नाही तर पुण्याला फोटो आणि नोंदवहीचे पान पाठवून आधीची तारीख मागावी. अशा पुराव्यासह मागितलेली तारीख पुष्कळदा मिळते.

पुढील गोष्टींत मात्र तारखेची वाट पाहू नये. एकच सांधा एकाएकी फार सुजला, तापला आणि सोबत थंडी-ताप आला, तर सांध्यात पू झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. कोरडा खोकला येऊन दम लागणे, तोंडात फोड येऊन ताप येणे, अंगावर निळे-जांभळे डाग उमटणे, शौचाला डांबरासारखी काळी होणे, डोळा लाल होऊन दुखणे आणि नजर मंद होणे, मान दुखून हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, पाऊल अचानक लुळे पडणे, ही सगळी तातडीची लक्षणे आहेत. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. गाडीत बसण्यापूर्वी ती चिठ्ठी आणि औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात.

साठा, पावसाळा आणि अंग

औषध संपायच्या आधी महिनाभराचा साठा हाती असावा. मावशीच्या गावाकडे जाणारा वरंध घाटाचा रस्ता पावसाळ्यात कित्येकदा बंद असतो, म्हणून तिच्यासाठी आम्ही मेअखेरीलाच दोन महिन्यांची औषधे नेऊन ठेवतो. जनऔषधी केंद्रात गोळ्या स्वस्त मिळतात. तेथे नाव वेगळे दिसले तरी पट्टीवर औषधाचे मूळ नाव आणि ताकद तीच आहे ना, एवढे पडताळावे.

अंग हलते ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी मिटणे-उघडणे आणि रोज अर्धा तास चालणे एवढे तरी करावे. हंडा एका हाताने उचलण्याऐवजी दोन्ही हातांनी आणि छातीजवळ धरावा, पिशवी बोटांऐवजी कोपरात अडकवावी. सिगारेट-विडीने हा आजार बळावतो. बायकांमधली मिश्री म्हणजे तंबाखूच आहे आणि तीही सोडावी. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकॉकल लस घेण्याबद्दल तज्ज्ञांना विचारावे. जिवंत विषाणू असलेली लस त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नये.

पुढच्या भेटीचा कागद

तारखेच्या दोन आठवडे आधी रक्त तपासून घ्यावे, म्हणजे अहवाल हाती येतो आणि काही बिघडले असल्यास ते आधीच कळवता येते. मग एका पानावर, एकाच बाजूला, सगळे उतरवावे. माझ्या मागच्या कागदावर असे लिहिले होते: ‘सकाळचा ताठरपणा एप्रिलमध्ये १० मिनिटे, जूनपासून ४० मिनिटे. उजवे मनगट आणि डाव्या हाताचे मधले बोट सुजते. टॉवेल पिळता येत नाही. मेथोट्रेक्सेट १५, दर रविवारी, एकही चुकली नाही. जुलैत आठ दिवस ताप, त्या आठवड्यात गोळी डॉक्टरांना विचारून थांबवली. वेदनाशामक महिन्यातून सहा वेळा. प्रश्न दोन: औषध वाढवावे लागेल का? डोळ्यांची तपासणी यंदा करायची का?’ डॉक्टरांनी तो मिनिटभरात वाचला आणि उरलेली नऊ मिनिटे माझे मनगट तपासले.